समजा, मीच झाड

हंबीरराव मिशिंगला आहे, हे बोरजाईत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तशी तारच आली होती. लढाई ऐन भरात असताना कवठे महांकाळचा टपालवाला सायकल दामटत आला आणि तार साळूबाईच्या हातात देऊन, पाणीसुद्धा न पिता परत गेला. तार इंग्रजीत. गावात इंग्रजी येणारा एकच माणूस, पायगोंडा दुकानदार. त्यानं गुळाची ढेप बाजूला सारून तार वाचली. "शिपाई हंबीरराव... मिशिंग... इटाली." मधलं काही त्याला लागलं नाही, पण मुद्द्याचं लागलं. इटाली मुलखात मिशिंग नावाचं गाव असणार आणि हंबीररावाची पलटण तिथं उतरलेली असणार.

पुढं आसपासच्या गावांतही अशा तारा आल्या. कुणाचा भाऊ मिशिंगला, कुणाचा जावई मिशिंगला. एवढी माणसं मावतात म्हणजे मिशिंग हे मिरजेसारखं मोठं जंक्शन असावं, असं अनुमान लालासाहेब पाटलांनी चावडीवर काढलं. ते कुणी खोडलं नाही.

मग लढाई संपली. ब्रह्मदेशातली माणसं आली, मिसरातली आली, जर्मनाच्या कैदेतलीसुद्धा हाडं मोजून घ्यावीत अशी होऊन आली. मिशिंगहून कुणी आलं नाही. तिकडची गाडी बंद पडली असेल, असं लोक म्हणायचे. आधी मोठ्यानं म्हणायचे, मग हळू, मग साळूबाई नसताना.

हंबीररावाची आई बनाबाई थकली होती. ती एकदा सुनेला म्हणाली, "साळू, दिवस घालूया गं त्याचं. लेकरू अधांतरी लटाकतंय."

"आत्याबाई, जित्या माणसाचं दिवस घालत्यात व्हय? मिशिंगला हायत ते. तारंत हाय तसं."

आणि साळूबाई आरशात बघून आदल्या दिवशीपेक्षा थोडं मोठं कुंकू लावायची. तिच्यापुढं प्रश्न एकच होता, तो गावालाही पाठ होता : हे कुंकू ठेवायचं की पुसायचं? ठेवावं तर माणूस नाही, पुसावं तर माणूस येऊन उभा राहिला म्हणजे काय सांगायचं?

सन एकोणपन्नासच्या पावसाळ्यात दिल्लीच्या लक्षात आलं, की देशात झाडं कमी आहेत. बोरजाईच्या हे आधीपासून लक्षात होतं, पण बोरजाईला कुणी विचारलं नव्हतं. दिल्लीनं योजना काढली, पैसा मंजूर केला, आणि तो पैसा वरून खाली झिरपत आला तेव्हा त्याच्या शेवटच्या थेंबाबरोबर मोरेश्वर आठल्ये नावाचे वृक्षाधिकारी बोरजाईत उतरले.

आठल्ये मूळचे वाईचे. कृष्णेच्या घाटावर वाढलेले, त्यामुळं पाणी म्हणजे पायऱ्या उतरून गेलं की असतं ते, अशी त्यांची समजूत. अंगानं बुटके, गोरे, खांदे पडलेले, बोलणं छापल्यासारखं. योजनेला मोकळी जमीन हवी होती. गावात मोकळी जमीन म्हणजे गायरान, आणि गायरानाला लागून मसणवटा. मध्ये कुंपण नव्हतं. दोन्हीकडच्या मंडळींची आजवर त्याबद्दल तक्रार नव्हती.

अमावास्येच्या भर दुपारी आठल्ये यांनी गायरानावर सभा भरवली. खड्डे खणून तयार होते. रोपांची गाडी मात्र मिरजेहून येता येता आख मोडून वाटेत बसली होती.

"ग्रामस्थहो," आठल्ये म्हणाले, "झाड नुसतं लावून भागत नाही. ज्यांना ज्यांना माझा आवाज ऐकू येतो आहे, त्या प्रत्येकानं एकेक झाड धरायचं आहे. आणि एकदा धरलं की सोडायचं नाही!"

बायकांनी पोरं जवळ ओढून घेतली. मागून आकाराम देवऋषी उठला.

"सायेब, धरा म्हणू नगासा."

"मग काय म्हणू?"

"राखा म्हणा, पाळा म्हणा. धरा न्हाई. आन् हितं हुबं राहून तर न्हाईच न्हाई." त्यानं मान न वळवता डोळ्यांनीच मसणवट्याकडं खूण केली.

आकारामाचा धंदा भूत उतरवण्याचा. बाधा झालेला माणूस पुढ्यात बसवला, की तो त्याचं नाव घेत नसे. आतल्याला उद्देशून विचारायचा, "बोल, हे झाड का धरलंस? हे झाड कवा सोडतूस?" ज्याला धरलं तो माणूस म्हणजे झाड. त्या धंद्यातली ही परिभाषाच होती आणि बोरजाईत ती सगळ्यांना कळत होती. वाईला वेगळी असावी.

"खुळ्या समजुती आहेत या," आठल्ये हसून म्हणाले. "धरायचं म्हणजे काय, ते मी प्रत्यक्षच दाखवतो. रोप नाही ना? हरकत नाही." आणि ते धोतर सावरून पहिल्याच खड्ड्यात उतरले, गुडघ्यापर्यंत आत गेले आणि दोन्ही हात फांद्यांसारखे पसरून उभे राहिले. "समजा, मीच झाड आहे. हं, या आता. धरा मला!"

आकारामानं दोन्ही कानांवर हात ठेवले. कुणी पुढं आलं नाही. वारा पडलेला, ऊन डोक्यावर. मग आठल्यांचा डावा खांदा किंचित दबला, कुणीतरी मागून हात ठेवावा तसा.

"शाबास!" ते खुश होऊन म्हणाले. "निदान एक जण तरी पुढं आला."

आणि कौतुक करायला त्यांनी मान वळवली. मागं कुणी नव्हतं. मागं मसणवटा होता.

"बरं," आठल्ये खड्ड्यातून वर येत म्हणाले, "आजच्यापुरतं एवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. कडुलिंबाची रोपं लागली. पावसानं त्या वर्षीही बोरजाईला वगळलं होतं, आणि रोपं आठवड्याभरात मरणार याबद्दल गावात दुमत नव्हतं.

रोपं मेली नाहीत.

पाणी न घालता टरारली. शेळ्या यायच्या, तोंड पुढं करायच्या आणि तशाच मागल्या पायांनी सरकत परत जायच्या. पाखरू बसायचं नाही. वारा नसताना एखाद्याच रोपाची पानं हलायची, शेजारच्याची नाही. आणि गुडघ्याएवढ्या त्या रोपांच्या सावल्या पुरुषभर पडायच्या.

"उत्कृष्ट जात!" आठल्ये म्हणाले.

गावानं मात्र ओळखायला सुरुवात केली होती. हरणाबाईचा नवरा हयातभर शिंदी प्यायला. एक रोप असं निघालं, की रोज सरळ बांधावं आणि रोज ते शिंदीच्या बनाकडं कलावं. हरणाबाईनं कमरेवर हात ठेवून त्याला भर गायरानात शिव्या घातल्या. "मेलास तरी खोड जाईना व्हय रं तुजी?" पानं खाली पडली. मग एक रोप पाटलांच्या चुलत्याचं निघालं. चुलता एका कानानं बहिरा होता; त्या रोपाची पानं एकाच अंगाला, बोलणाऱ्याच्या दिशेला वळायची. महिन्याभरात एकेका रोपाला माणूस सापडला. बायका जाता येता डोक्यावरचा पदर सारखा करू लागल्या. त्या रांगेत सासरे होते.

पायगोंडा दुकानदार तेवढा निवांत. "आमच्या जैनांत आत्मा लगेच दुसरा जन्म घेतो," तो चुरमुरे मापता मापता सांगायचा. "झाडाबिडाच्या भानगडीत पडत न्हाई. वेळ कुणाला हाय?"

साळूबाईनं तो प्रकार कळल्यापासून आठ दिवस गायरानाची वाट टाळली. मग एक दिवस गेली. रांगेच्या एका टोकाला उभी राहिली आणि एकेका रोपापुढं थांबत, त्याच्याकडं बघत चालली. हंबीरराव उंच, डावा खांदा बंदुकीनं जरा वर चढलेला. खोड एकच, पण न्यारी : पाणी प्यायचा तर शेवटचा घोट कधी प्यायचा नाही, वळून डाव्या हाताला उंबऱ्यावर भिरकावायचा. लग्न झालं तेव्हापासून साळूबाई तो उंबरा पुसत आली होती.

एकही रोप ओळखीचं निघालं नाही. शेवटी उरला तो पहिला खड्डा, ज्यात साहेब उभे राहिले होते. तिथं रोप लागतच नव्हतं. सकाळी लावावं, दुपारी काडी व्हावी. आठल्ये यांनी खत घालून पाहिलं, माती बदलून पाहिली. खड्डा रिकामाच.

"हरणाक्का," साळूबाई हसत परत आली, "आमच्याकडचं न्हाई बगा हितं कुणी. समदी मेलेली हायत. आमचं मिशिंगलाच हायत."

गावालाही ते पटलं. झाड नाही त्याअर्थी माणूस आहे. बनाबाईनंसुद्धा दिवस घालायचं बोलणं सोडलं, आणि साळूबाईनं कासाराकडून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या.

इकडं आठल्यांना गाव मानवत चाललं होतं. आधी शनिवार आला की ते मिरजेला खोलीवर पळायचे. आता शनिवार येऊन गेलेला त्यांच्या ध्यानात राहीना. वांग्याच्या भाजीत गूळ मागणारा माणूस खर्डा-भाकरी मागू लागला. "हवामान लय छान आहे," असं एकदा चावडीवर म्हणाले आणि स्वतःच दचकले. पुढं पुढं दचकेनासे झाले.

"सायेब आता आपल्यातलं झालं," पाटील कौतुकानं म्हणाले.

आकाराम साहेबांच्या पायाशी बघत होता. आठल्ये बुटके होते. सावली उंच होती.

मग ते संध्याकाळचे साळूबाईच्या दारात दिसू लागले. पहिल्यांदा आले तेव्हा फार ओशाळले. "क्षमा करा, वाट चुकलो. पाणी मिळेल का?" साळूबाईचं कुत्रं परक्या माणसाचा पाय पकडल्याशिवाय सोडत नसे. ते जमिनीला पोट घासत, कुंई कुंई करत साहेबांकडं गेलं. साळूबाईला नवल वाटलं. तिनं तांब्या आणून दिला.

साहेब उभ्यानं गटागटा प्यायले. मग थांबले. डावीकडं वळले, आणि शेवटचा घोट उंबऱ्यावर भिरकावला.

पाणी दगडावर पसरत गेलं. साळूबाई त्या पाण्याकडं बघत राहिली. साहेबांनी तांब्या खाली ठेवला, "आभारी आहे," म्हणाले, आणि डावा खांदा वर उचलून टपटप पावलं टाकत निघून गेले.

तिनं उंबरा पुसला. हाताला सवय होती. पुसून झाल्यावर खाली बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही. बनाबाईनं आतून विचारलं, "कोण आलं होतं गं?"

"सायेब," साळूबाई म्हणाली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? आणि सांगून टाकलं तर उद्या कोण येणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं तांब्या आधीच घासूनपुसून भरून ठेवला. साहेब आले. असं रोज होऊ लागलं. ते येत, पाणी पीत, उंबरा भिजवीत आणि जात. एकदा जाता जाता त्यांनी वळचणीत हात घातला आणि नवरा लढाईला गेल्यापासून साळूबाई शोधत होती तो विळा काढून तिच्यापुढं धरला. "हा इथं कसा आला?" असं त्यांनीच तिला विचारलं.

पण साहेब वाळत चालले होते. गोऱ्या हातांची कातडी खडबडीत, चिरा पडलेली दिसू लागली. बसल्या जागेवरून उठताना पाय जमिनीतून उपटावे लागावेत तसे उठायचे. शेळ्या त्यांना बघून मागं सरायच्या. एकदा पाटलांनी "आठल्येसाहेब" अशी हाक मारली तर त्यांनी ओ दिली नाही. आठल्ये कोण, ते आजूबाजूला बघत राहिले.

एक दिवस आकाराम साळूबाईच्या परड्यात आला आणि उभ्या उभ्याच बोलला. "वैनी, तुला ठावं हाय. मलाबी ठावं हाय."

"मला काय ठावं न्हाई."

"परक्याचं झाड हाय ते. वाळून जाईल. त्येची बायको हाय वाईला, तीबी कुकू लावत आसंल."

साळूबाईनं हातातली टोपली खाली ठेवली. "तुमी सोडवा की मग. तुमचा धंदाच हाय त्यो."

"मी हाकलीन. हाकलल्यालं कुटं जाईल सांगता येत न्हाई. घरच्या माणसानं इनवलं तर शाण्यावानी सोडील. पर नाव घिऊन इनवाय लागंल. नाव घेतल्याबिगार ऐकत न्हाईत."

नाव! लग्नात बायकांनी अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, म्हणून साळूबाईनं ते एवढी वर्षं ओठांआड जपून ठेवलं होतं. त्याच्यासाठी तिला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात दिल्लीचे मोठे साहेब आले. योजनेतली सगळी झाडं जगलेलं हे एकच गाव असल्याची वार्ता वर गेली होती. गायरानावर मांडव पडला, पताका लागल्या, सगळं गाव जमलं. मोठे साहेब हिंदी बोलणारे, गळ्यात हार, प्रसन्न मुद्रा. रांगेवरून चालताना ते लिंबांना हात लावून बघत होते. शिंदीच्या बनाकडं कललेलं रोप त्यांनी सरळ केलं. ते पुन्हा कललं.

"बहुत अच्छा," मोठे साहेब म्हणाले. "इसका अफसर कौन है? आपका नाम?"

आठल्ये पहिल्या, रिकाम्या खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी टाचा जोडल्या. सलाम ठोकला. आणि छापल्यासारखं बोलणाऱ्या त्या तोंडातून जाड, रांगडा आवाज आला :

"शिपाई हंबीरराव, हजर हाय!"

सलामाचा हात खाली येईना. साहेबांचे डोळे समोर, पापणी लवत नव्हती, आणि पाय हळूहळू खड्ड्याच्या कडेच्या मातीत रुतत होते. मागं लिंबाची सगळी रांग, वारा नसताना, पानं वळवून त्यांच्याकडं बघत होती. बनाबाईनं तो आवाज ऐकला आणि बसल्या जागी पदर तोंडात कोंबला.

साळूबाई उठली. पुरुषांच्या बैठकीतून सरळ चालत गेली. कुणी अडवलं नाही. ती साहेबांच्या समोर उभी राहिली आणि, बुटक्या माणसाशी बोलताना, उंच माणसाशी बोलावं तशी मान वर करून म्हणाली, "आवं."

सलामाचा हात तसाच.

तिनं डोळे मिटले. "हंबीरराव."

साहेबांचा हात खाली आला. "व्हय गं."

"कवा आलासा?"

"सभा व्हती तवा."

"मला वाटलं, मिशिंगला हाईसा."

"मिशिंग लय लांब हाय गं, साळू. गाव न्हाई तिथं. रस्ताबी न्हाई. समदी हुबी हायत नुसती. गाडीची वाट बगत्यात."

"मग तुमी कसं आलासा?"

"सायबानं हुकूम दिला. आवाज येतोय त्येनं झाड धरा म्हणला. म्हणला, मीच झाड." साहेबांच्या तोंडावर शिपायाची भाबडी अडचण दिसली. "हुकूम पाळला आमी. सोडायचं न्हाई म्हणला व्हता."

"आता मी म्हणती. सोडा. त्येच्याबी घरला कुणीतरी वाट बगतंय."

"सोडतो. पर जाऊ कुटं?"

रोपांच्या गाडीतलं एक किडकं रोप मांडवाच्या खांबाशी उरलेलं होतं. साळूबाईनं ते आणलं, खड्ड्यात उभं केलं आणि गुडघे टेकून दोन्ही हातांनी माती लोटली. मग हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या. फोडल्या नाहीत. रोपाच्या बुंध्याशी पुरल्या आणि वरून माती थापटली.

"हंबीरराव," ती म्हणाली, आणि या वेळी डोळे उघडे होते, "हे धरा. हे आपलं हाय."

आठल्ये मुळापासून तोडल्यासारखे आडवे झाले.

"क्या हुआ?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ऊन लागलं सायबांस्नी," लालासाहेब पाटील म्हणाले. "हमारे यहाँ का ऊन लय वंगाळ."

आठल्यांना मिरजेच्या इस्पितळात नेलं. त्यांना सभेनंतरचं काही आठवत नव्हतं, हात मात्र महिनाभर साली सोडत होते. पुढं त्यांनी बदली करून घेतली ती लेखनिकाच्या जागेवर. बोलताना उदाहरण द्यायची वेळ आली तरी "समजा" हा शब्द ते टाळत, असं म्हणतात. दिल्लीनं बोरजाईची योजना नमुनेदार ठरवली आणि तीच पद्धत सगळीकडं वापरावी असं सुचवलं. पद्धत कोणती, हे विचारायला कुणी आलं नाही.

पहिल्या खड्ड्यातलं किडकं रोप आठ दिवसांत फुटलं. सगळ्या रांगेत तेच उंच निघालं, डावी फांदी जरा वर चढलेली. बनाबाईनं दिवस घातले. साळूबाईनं कुंकू पुसलं.

आता ती नाव घेते. सकाळी घागर घेऊन गायरानावर जाते आणि चारचौघींत मोठ्यानं हाक मारते, "हंबीरराव, पाणी घ्या." नव्या सुना दचकतात. म्हाताऱ्या त्यांना गप्प करतात. आता नाव घ्यायला हरकत नाही, म्हणतात.

ती आळ्यात घागर ओतते. माती घटाघटा पिते, अगदी तळाशी ओंजळभर पाणी उरेपर्यंत. मग ते ओंजळभर पाणी एकदम उसळतं आणि आळ्याच्या डाव्या काठावरून बाहेर पडतं.

साळूबाईनं तिथं एक चपटा दगड ठेवला आहे. ती तो पदरानं पुसते आणि घरी येते.